गावात टॉवर, पण पाड्यावर रेंज कुठे?

मोबाईल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उठायचा तर रेंज लागते. शिष्यवृत्तीचा ऑनलाईन अर्ज भरताना ओटीपी यायचा तर रेंज लागते. बाळंतीण अडली आणि १०८ची रुग्णवाहिका बोलवायची तर रेंज लागते. २०२० साली टाळेबंदीत शाळाच मोबाईलमध्ये शिरली, तेव्हा ज्याच्या घरी रेंज नव्हती त्याचे मूल शाळेबाहेर राहिले. म्हणून रेंज कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही. हा हक्काचा प्रश्न आहे.

टॉवर म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. तो नुसता लोखंडी सांगाडा. खरे काम त्यावरील अँटेना करतात. साधारणपणे तीन दिशांना अँटेना बसवतात, प्रत्येक दिशेच्या वाट्याला १२० अंशांचा पट्टा येतो. खेड्यात जमिनीवर ४० मीटर किंवा त्याहून उंच टॉवर असतो. सपाट मुलखात तो काही किलोमीटरचा परिसर सांभाळतो. शहरात इमारतीच्या गच्चीवर छोटे टॉवर किंवा नुसते खांब असतात. जागा कमी असेल तिथे रस्त्याकडेला एकच गोल खांब उभारतात. गर्दीच्या चौकात दिव्याच्या खांबावर लहान केंद्र बसते. मॉल, विमानतळ आणि भुयारी मेट्रोत छताखाली अँटेनांचे जाळे पसरलेले असते. मोठी गर्दी जमणार असेल तर गाडीवर चढवलेला फिरता टॉवरही आणतात.

म्हणजे शहरातील माणूस घरात, रस्त्यावर, जमिनीखाली, कुठेही असो, त्याच्यासाठी सोय आहे. मग डोंगरातील माणसासाठी का नाही? कारण कंपनीचा हिशोब. रस्ता नसेल तर सामान वर न्यायचे कसे? वीज जाते तिथे बॅटरी आणि डिझेलचा खर्च आला. टॉवर उभा राहिला तरी तो मुख्य जाळ्याला फायबरने किंवा मायक्रोवेव्हने जोडावा लागतो. नाहीतर तो मुकाच. एवढे करून ग्राहक मोजके आणि रिचार्ज लहान. नफ्याच्या तराजूत पाडा नेहमीच हलका भरतो.

ही उणीव भरून काढण्यासाठीच शासनाने २००२ साली सार्वत्रिक सेवा निधी निर्माण केला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम त्यात जमा होते. २०२४ पासून त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. हा पैसा अखेर तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच जातो. त्यातून २००७च्या योजनेत ७ हजारांहून अधिक टॉवर मंजूर झाले. २०२१ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांच्या ७,२८७ गावांसाठी, तर २०२२ साली देशभरातील २४,६८० गावांसाठी ४जी योजना मंजूर झाली. दुसऱ्या योजनेचा खर्च २६,३१६ कोटी रुपये. पैसा आहे, योजनाही आहेत. मग अडते कुठे?

अडते ते मोजणीत. शासनाच्या वहीत मोजमापाचा घटक ‘गाव’ आहे. गावठाणात रेंज आली की गावापुढे ‘सेवा उपलब्ध’ अशी खूण होते. पण गाव म्हणजे फक्त गावठाण काय? नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात सातपुड्याच्या उतारांवर एकेका गावाचे पाडे दूरदूर विखुरलेले आहेत. रेडिओलहर बहुतांशी सरळ चालते. मध्ये डोंगराचा सोंड आला की पलीकडे तिची सावली पडते. अशा ठिकाणी गावठाणातला एक उंच टॉवर पुरत नाही. धारेवर लहान खांब, सौरऊर्जा आणि दूरवर पोहोचणाऱ्या कमी वारंवारितेच्या लहरी, अशी वेगळी आखणी लागते. ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी तर फार लांब जातच नाहीत. तंत्रज्ञान उपलब्ध आहे. पण जो पाडा यादीतच नाही, त्याच्यासाठी आखणी करणार कोण?

गावकुसाबाहेर राहिलेल्यांना हा अनुभव नवा नाही. पाणवठा गावात, रस्ता गावापर्यंत, आणि वस्ती मात्र ‘नंतर बघू’. आता रेंजचेही तेच होणार काय?

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काशी जोडला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरील अभिव्यक्तीला घटनेच्या कलम १९चे संरक्षण असल्याचे सांगितले. पण सिग्नलच पोहोचला नाही, तर हा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून नुसती तक्रार करून भागणार नाही. प्रत्येक वाडी-वस्तीने घराघरांत फिरून कुठे फोन लागतो आणि कुठे लागत नाही, याचा नकाशा स्वतः काढावा. तो ग्रामसभेत ठरावासह मांडावा. माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारावेत: आमचे गाव कोणत्या योजनेत आहे? टॉवरची जागा, वीज आणि जोडणी यांपैकी काम कशावर अडले आहे? आमची वस्ती ‘सेवा उपलब्ध’ कोणी आणि कशी मोजून ठरवली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. कारण ज्यांची मोजणी होत नाही, त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.