दंतचक्राचे दात का तुटले?

फोर-स्ट्रोक इंजिन शिकवताना आपण फळ्यावर चार आकृत्या काढतो. दट्ट्या खाली येताना एक झडप उघडी, वर जाताना दोन्ही बंद, असा तो क्रम. झडपा नेमक्या वेळी उघडतात हे आपण गृहीत धरून पुढे जातो. त्या उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा. या दोघांना बांधून ठेवणाऱ्या जोडणीला पाठ्यपुस्तकात बहुधा अर्धी ओळही मिळत नाही. वेगवान मोटारीचे इंजिन आखणाऱ्याला मात्र ही जोडणी कशाची करावी हा प्रश्न फार सतावतो. दंतचक्रे, साखळी आणि दातेरी रबरी पट्टा हे त्याच्यापुढचे तीन मुख्य पर्याय.

अचूकपणा किती लागतो ते आधी पाहू. क्रँकशाफ्ट मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५० फेरे झाले. एक अंश फिरायला त्याला सेकंदाचा ५४,००० वा भाग पुरतो! कॅमशाफ्ट थोडे अंश मागे पडला तरी सिलिंडरमध्ये हवा नीट भरत नाही आणि शक्ती घटते. तो फारच मागे पडला, तर अशा इंजिनात दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो आणि सारेच संपते.

मग दंतचक्रे वापरावीत, असे कोणीही म्हणेल. पोलादी चक्र पट्ट्यासारखे ताणत नाही की साखळीसारखे सैल पडत नाही. ब्रिटनमधील कॉसवर्थ कंपनीच्या कीथ डकवर्थनेही हाच विचार केला. फोर्डने पुरवलेल्या पैशातून त्याने डीएफव्ही नावाचे तीन लिटरचे शर्यतीचे इंजिन आखले. आठ सिलिंडर, चार-चारच्या दोन रांगा, प्रत्येक रांगेवर दोन कॅमशाफ्ट आणि ते फिरवायला दंतचक्रांची माळ. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडवूर्ट येथे हे इंजिन प्रथमच शर्यतीत उतरले आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकलीही. त्याच लोटस संघाचा ग्रॅहॅम हिल मात्र सुरुवातीला आघाडीवर असूनही बाहेर पडला. त्याच्या इंजिनातील कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या दंतचक्राचे दात तुटले होते.

कॅमशाफ्ट फिरवायला सरासरी जोर काही फार लागत नाही. मग दात का तुटावेत? गोम ‘सरासरी’ या शब्दात आहे. कॅमचा उंचवटा झडप उघडतो तेव्हा त्याला झडपेची स्प्रिंग दाबावी लागते. म्हणजे स्प्रिंग कॅमशाफ्टला अडवते. उंचवट्याचे शिखर ओलांडले की तीच स्प्रिंग कॅमशाफ्टला पुढे ढकलू लागते. सायकलने टेकाड चढावे आणि लगेच उतरावे, तसेच हे. चढताना पायांनी जोर लावायचा, उतरताना सायकलच आपल्याला ओढून नेते. दंतचक्रांच्या दातांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते. जोराची दिशा उलटली की दात एका बाजूने सुटतो आणि दुसऱ्या बाजूवर आपटतो. डीएफव्हीच्या प्रत्येक कॅमशाफ्टवर चार सिलिंडरांचा भार होता, म्हणून एका फेऱ्यात असे चार हेलकावे. सेकंदाला ७५ फेऱ्यांना ३०० हेलकावे झाले. त्यातच क्रँकशाफ्टसुद्धा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक स्फोटाबरोबर तो किंचित पिळतो आणि सुटतो.

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके धक्के दिले तरी झोका उंच जातो, हे मुलांना ठाऊक असते. दंतचक्रे आणि दांडे यांच्या माळेलाही स्वतःची अशी एक लय, स्वाभाविक कंप्रता असते. हेलकाव्यांची कंप्रता तिच्याशी जुळली की अनुस्पंदन होते आणि दातांवरील जोर सरासरीच्या कितीतरी पट वाढतो. माळ जितकी ताठ, तितकी ही कंप्रता वरची. पण ती नाहीशी होत नाही, आणि शर्यतीचे इंजिन तर फार वरच्या वेगांना जाते. शिवाय पोलादात कंपन जिरवण्याची शक्ती अगदी थोडी.

माझ्या मते डकवर्थची खरी हुशारी त्याच्या पुढच्या पावलात दिसते. त्याने माळेतील एका चक्राच्या तुंब्यात बारीक पोलादी दांड्यांचा संच बसवला. जोराचा हिसका आला की दांड्या किंचित पिळतात, हिसका ओसरला की पूर्ववत होतात. जे ताठ आहे म्हणून निवडले, त्यातच मोजून मापून लवचिकपणा घातला! पुढे १९८३ पर्यंत या इंजिनाने फॉर्म्युला वनच्या १५५ शर्यती जिंकल्या.

वर्गात हे दाखवायला रबरबँडला बांधलेला एक दगड पुरे. बँडचे वरचे टोक बोटांनी सावकाश वरखाली केले, तर दगड बोटांबरोबर हलतो. एका ठरावीक लयीला तो बेफाम उसळतो. त्याहून खूप भरभर हलवले, तर दगड जवळजवळ जागीच राहतो. बँड जितका मऊ, तितकी ती बेफाम लय खालची, आणि तिच्या बऱ्याच वरचे धक्के दगडापर्यंत पोचत नाहीत.

हे लक्षात घेतले म्हणजे रबरी पट्ट्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. त्याच्यात लवचिकपणा जन्मतःच असतो आणि रबर कंपने जिरवतेही. ताण रबरावर नसतो, तो आतल्या धाग्यांवर येतो. पट्टा हलका असतो, आवाज करत नाही आणि त्याला सहसा वंगण लागत नाही. तो ‘साध्या गाड्यांचा’ म्हणावा, तर १९९४ सालच्या फेरारी एफ ३५५ मध्येही तोच होता. त्याची खोड एकच, की उष्णता आणि तेल लागून रबर म्हातारे होते. ठरलेल्या मुदतीत तो बदलावा लागतो. एफ ३५५ मध्ये त्यासाठी सबंध इंजिन बाहेर काढावे लागे. २००४ साली आलेल्या एफ ४३० मध्ये फेरारीने साखळी घेतली, यात नवल नाही.

साखळीची गंमत वेगळीच. ‘साखळी ताणली’ असे मेकॅनिक म्हणतो, पण पोलाद ताणलेले नसते. प्रत्येक सांध्यातली खीळ आणि तिचे भोक झिजते. १०० सांध्यांत ०.०२ मि.मी. झीज झाली, तर साखळी २ मि.मी. लांबते आणि कॅमशाफ्ट किंचित मागे राहू लागतो. सैलपणा ओढून घेणारा टेन्शनर झोल काढतो, पण हे मागे पडणे त्याला भरून काढता येत नाही. तरीही तेलात भिजलेली साखळी वर्षानुवर्षे टिकते. रस्त्यावरच्या वेगवान मोटारीला म्हणूनच मी साखळी पसंत करीन. दंतचक्रे शोभतात ती वरचेवर खोलून तपासल्या जाणाऱ्या शर्यतीच्या इंजिनाला.

पट्टा पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. जुन्या मारुती ८०० मध्ये तो असे. गॅरेजात बदलून टाकलेला एखादा पट्टा मागून आणावा, उलटा वाकवावा आणि दातांच्या मुळाशी भेगा दिसतात का, ते मुलांना भिंगातून पाहू द्यावे.