घटस्फोट झाला, पण कागद कुठे आहे?

निकाल लागला की प्रकरण संपले, असे समजून अनेक जण कोर्टातून हुकूमनाम्याची प्रत घेतच नाहीत. पुढे पंधरा-वीस वर्षांनी याच एका कागदावाचून काम अडते. तो शोधायचा कसा आणि मिळवायचा कसा?

लग्नाचा अल्बम, पत्रिका, नोंदणीचा दाखला घरोघरी जपून ठेवलेला असतो. घटस्फोटाचा कागद मात्र कुणालाच डोळ्यांसमोर नको असतो. तो वकिलांच्या फाइलमध्ये राहून जातो किंवा माहेरच्या एखाद्या ट्रंकेच्या तळाशी जातो. वडील जातात, घर बदलते, वकील व्यवसाय सोडतात. मग एक दिवस कुणीतरी विचारते, ‘‘हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आहे का?’’

ही विचारणा अनेक ठिकाणी होते. पुनर्विवाहाची नोंदणी करायची असते, परदेशी जाण्यासाठी व्हिसा हवा असतो किंवा वडिलांच्या मालमत्तेची वाटणी व्हायची असते. घटस्फोटित पत्नीला पूर्वीच्या पतीच्या मिळकतीत पत्नी म्हणून वारसाहक्क राहत नाही. म्हणून पहिला घटस्फोट खरोखर झाला होता की नाही, यावर दुसऱ्या पत्नीचे स्थान अवलंबून असते. पती हयात असेपर्यंत हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो गेल्यावर मात्र पहिल्यांदा तोच विचारला जातो.

निवृत्तिवेतनाचेही तसेच आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या घटस्फोटित मुलीला, ती आईवडिलांवर अवलंबून असेल आणि इतर अटी पूर्ण होत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. जुलै २०१७ मध्ये सरकारने स्पष्ट केले की घटस्फोटाचा निकाल आईवडिलांच्या मृत्यूनंतर लागला तरी चालेल, पण कोर्टातले प्रकरण त्यांच्यापैकी एक जण हयात असताना दाखल झालेले असले पाहिजे. म्हणजे नुसता निकाल दाखवून भागत नाही, याचिका दाखल झाल्याची तारीखही दाखवावी लागते. एका तारखेवर एका स्त्रीचे म्हातारपण अवलंबून असू शकते.

आधी हे पाहा

शोध सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : घटस्फोट कोर्टातूनच झाला होता ना? आपल्याकडे पंचांसमोर काडीमोड घेण्याची किंवा स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरीचा शिक्का घेण्याची पद्धत अजूनही दिसते. हिंदू विवाह कायद्याने काही समाजांतील रूढीने चालत आलेला घटस्फोट मान्य केला आहे, पण तशी रूढी होती हे सिद्ध करावे लागते. एरवी नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. अशा प्रकरणाची कोर्टात कितीही शोधाशोध केली तरी काही सापडणार नाही, कारण तिथे काही दाखलच झालेले नसते. मुस्लिम दांपत्याचा तलाक किंवा खुला कोर्टाबाहेर झाला असेल तरीही कोर्टाच्या दप्तरात हुकूमनामा नसतो. पत्नीने १९३९ च्या कायद्याखाली दावा लावला असेल, तरच तो मिळतो.

कोणत्या कोर्टात शोधायचे?

हिंदू विवाह कायद्याप्रमाणे याचिका कुठेही दाखल करता येत नाही. लग्न जिथे लागले ते गाव, पतिपत्नी शेवटी जिथे एकत्र राहिले ते गाव किंवा ज्याच्याविरुद्ध याचिका केली त्याचे राहते गाव, ही मुख्य ठिकाणे असतात. २००३ पासून पत्नीला स्वतः राहत असलेल्या गावीही याचिका करता येते. तेव्हा या तीन-चार गावांची यादी कागदावर लिहून काढा, तुमचे कोर्ट बहुधा त्यातच असेल.

त्यानंतर वर्ष पाहा. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा असला, तरी मुंबई आणि पुण्यात ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. त्याआधीची मुंबई शहरातली प्रकरणे नगर दिवाणी न्यायालयात चालत. कौटुंबिक न्यायालय सुरू झाले तेव्हा चालू असलेली प्रकरणे तिकडे वर्ग झाली. म्हणून १९८७ मध्ये एका कोर्टात दाखल झालेल्या याचिकेचा निकाल दुसऱ्याच कोर्टाच्या दप्तरात सापडू शकतो. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या किंवा जिल्हा न्यायालयात चौकशी करावी.

काही घटस्फोटांची वाट वेगळी असते. मुंबईतल्या पारशी दांपत्यांची प्रकरणे उच्च न्यायालयातील खास पारशी विवाह न्यायालयात चालतात. ख्रिश्चन दांपत्यांच्या बाबतीत २००१ च्या दुरुस्तीपूर्वी जिल्हा न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागत असे, म्हणून जुन्या प्रकरणात दोन्हीकडचे कागद मागावे लागतात. गोव्यात घटस्फोटाची नोंद विवाहनोंदणीच्या पुस्तकातही शेऱ्याच्या रूपाने होते, त्यामुळे तिथे नोंदणी कार्यालयापासून सुरुवात केलेली बरी.

नंबर सापडला की अर्धे काम झाले

कोर्टात फाइल नावाने नव्हे, तर प्रकरणाचा नंबर आणि वर्ष यांवरून काढतात. म्हणून आधी घरातच शोधा. कोर्टाचे समन्स, वकिलांची पत्रे, पोटगीच्या पावत्या, जुन्या अर्जांच्या झेरॉक्स यांपैकी कशावर तरी नंबर असतो. मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयांत नंबरापुढे ‘ए’, ‘एफ’ अशी अक्षरे असतात. परस्परसंमतीची याचिका ‘एफ’मध्ये येते. इतर जिल्ह्यांत ‘एचएमपी’ म्हणजे हिंदू विवाह याचिका असे लिहिलेले दिसते.

घरात काहीच नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. नाव इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून पाहा आणि पत्नीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही आडनावे वापरा. प्रकरण सापडले की सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. फार जुनी प्रकरणे मात्र संगणकावर नसतात. त्यासाठी कोर्टाच्या कचेरीत वर्ष सांगून याचिकांची नोंदवही पाहण्याची विनंती करावी लागते. वर्ष नक्की आठवत नसेल तर मागचे-पुढचे एकेक वर्षही पाहावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. संकेतस्थळावरून छापून घेतलेला कागद माहितीसाठी ठीक आहे, पण ती प्रमाणित प्रत नव्हे.

नकलेचा अर्ज

प्रत्येक कोर्टात नकला देणारा विभाग असतो. तिथे विहित नमुन्यात अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फीचे तिकीट लावायचे आणि ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची. पानांनुसार नकलेचा खर्च भरावा लागतो. दर राज्याराज्यांत वेगळे असतात, म्हणून ते खिडकीवरच विचारावेत. घाई असेल तर तातडीच्या नकलेची सोय आहे का, हेही विचारावे. इंदूर-भोपाळकडे याच कागदाला ‘प्रमाणित प्रतिलिपि’ म्हणतात. नाव बदलले तरी रीत साधारण हीच.

अर्जात नुसते ‘घटस्फोटाचे कागद’ असे लिहू नका. निकालपत्र आणि हुकूमनामा असे दोन्ही मागा, कारण एकात कारणे असतात आणि दुसऱ्यात कोर्टाचा अंतिम आदेश. संमतीने घटस्फोट झाला असेल तर संमतीच्या अटीही मागा. मुलांचा ताबा, पोटगी, दागिने, घर यांचे काय ठरले ते त्यातच असते. निवृत्तिवेतनासाठी प्रत हवी असेल तर याचिकेच्या पहिल्या पानाचीही नक्कल घ्या, कारण दाखल झाल्याची तारीख तिथे असते.

हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट मंजूर करणाऱ्या कोर्टाने दोन्ही पक्षांना हुकूमनाम्याची एक प्रत विनामूल्य द्यावी, अशी तरतूद आहे. निकालाच्या वेळी ती जरूर मागून घ्या.

नक्कल हातात पडली की खिडकीपाशीच तपासा. नावांचे स्पेलिंग, लग्नाची तारीख, निकालाची तारीख, कोर्टाचा शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि अर्ज केल्याची व नक्कल तयार झाल्याची तारीख, सगळे नीट पाहा. शेवटच्या दोन तारखा अपिलासाठी महत्त्वाच्या असतात, कारण नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. शक्य असेल तर दोन-तीन प्रती एकदमच घ्या.

दुसऱ्याला मिळते का?

मुलीसाठी घटस्फोटित स्थळ आले की आईवडिलांच्या मनात शंका येतेच. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी किंवा होणाऱ्या सासऱ्यांनी परस्पर जाऊन फाइल पाहावी, असे कोर्ट होऊ देत नाही. वैवाहिक प्रकरणे बंद दालनात चालतात आणि त्यांतला मजकूर छापणे हा दंडाचा गुन्हा आहे. त्रयस्थ माणसाला नक्कल हवी असेल तर कारण सांगून अर्ज करावा लागतो आणि परवानगी देणे न देणे कोर्टाच्या हाती असते. माहितीच्या अधिकाराची वाटही इथे चालत नाही. कोर्टातील कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सांगितले आहे.

त्यापेक्षा सरळ मार्ग बरा. समोरच्या माणसाकडेच प्रमाणित प्रत मागावी. ज्याचे खरे आहे, त्याला ती दाखवायला संकोच वाटण्याचे कारण नाही. प्रतीवरची निकालाची तारीखही पाहा. एकाने लढवलेल्या प्रकरणात अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसरे लग्न करता येत नाही. ही मुदत हिंदू विवाह कायद्यात ९० दिवसांची आहे. अपील झाले असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागते.

एकतर्फी निकाल असेल तर

कधी कधी कागद शोधताना धक्काच बसतो. आपल्याला समन्स मिळालेच नाही आणि नवऱ्याने एकतर्फी घटस्फोट घेतला, हे पत्नीला काही वर्षांनी कळते. अशा वेळी रडत बसू नका आणि भांडायलाही जाऊ नका. त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा आणि वकिलांना गाठा. समन्स नीट बजावले गेले नसेल तर निकाल रद्द करण्याचा अर्ज माहिती झाल्यापासून ३० दिवसांत करता येतो. निकाल कधी आणि कसा कळला, हे तारखेनिशी लिहून ठेवा. स्वतःच्या नक्कल-अर्जाची पावतीही जपून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कायद्याने स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

परदेशासाठी प्रत हवी असेल तर तिच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का लागतो. हेग करारात नसलेल्या देशांसाठी साक्षांकन करावे लागते. त्याआधी राज्य सरकारच्या नेमलेल्या विभागाची तपासणी होते. मराठीतला निकाल असेल तर भाषांतराचाही वेळ हाताशी ठेवा.

कोर्टाचे सगळे कागद कायमचे राहत नाहीत. ठराविक मुदतीनंतर बरेचसे नष्ट केले जातात, काही पाण्याने-वाळवीने जातात. म्हणून गरज पडेल तेव्हा पाहू, असे म्हणू नका. एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, एक घरी, आणि एका विश्वासू माणसाला ती कुठे आहे ते सांगून ठेवा. आठवणी नकोशा असतील तर पाकीट चिकटवून ठेवा, पण फेकू मात्र नका.