पेटीत न जाणारं दाभोळ

दाभोळला इथलंच पिकलेलं, इथलंच धरलेलं काही विकत घ्यायचं तर दुकानाचा पत्ता विचारून भागत नाही. आधी तिथी विचारावी लागते. तिथीला पाऊणाने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा तोंडी हिशेब. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भल्या सकाळी खाडीचं पाणी उतरलेलं असतं, चिखलाची पुळण उघडी पडते आणि बायका तिसऱ्या, मुळे, कालवं काढायला उतरतात. त्या दिवशी दहा-अकराला दारावर शिंपल्यांची पाटी येते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, म्हणून पाटीही दिवस कलल्यावर. ज्याला हे ठाऊक नाही, तो रिकाम्या ओट्यापाशी उभा राहून ‘इथे काही मिळत नाही’ म्हणतो आणि पुण्याहून आलेला फ्लॉवर घेऊन घरी जातो.

दापोली तालुक्याच्या दक्षिण टोकाला, वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर दाभोळ आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात हे पश्चिम किनाऱ्यावरच्या बड्या बंदरांपैकी एक. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफनासी निकितिन मायदेशी निघाला तो इथूनच गलबतावर चढून. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मैदाने हे शहर लुटून जाळलं. पुढे बंदराचा तोरा गेला, पण खाडीची वाहतूक राहिली. भरतीच्या पाण्याबरोबर मचवे आत चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जात आणि ओहोटीबरोबर परतत. अलीकडच्या पिढीला दाभोळ हे नाव एन्रॉन कंपनीच्या वीजप्रकल्पामुळे कळलं. तो प्रकल्प खरा तर खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या बाजूला आहे. गावाला मात्र नाव चिकटलं.

आज या दोन काठांना जोडते ती दाभोळ-धोपावे फेरीबोट. २००३ पासून ती चालू आहे, आणि तिच्यामुळे गुहागरला जायला चिपळूणचा लांबचा वळसा उरला नाही. पर्यटकांच्या गाड्या सर्वांना दिसतात. त्या गाड्यांच्या आडून पलीकडची शहाळी-नारळ, वेलदूरची मासळी, इकडच्या भाजीच्या जुड्या अशी देवघेवही होत असते. स्थानिक माल शोधणाऱ्याने बोटीतल्या टोपल्यांकडे नजर ठेवावी.

मासळीचे इथे दोन बाजार आहेत आणि ते एकमेकांपासून अगदी वेगळे. एक समुद्राचा. यांत्रिक होड्या, मोठी जाळी, बर्फ आणि दलाल. या पट्ट्यातला त्याचा सगळ्यात मोठा देखावा दाभोळला नाही, उत्तरेला हर्णैला आहे. तिथे होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात, माल बैलगाड्यांतून वाळूवर येतो आणि दुपार उतरल्यावर पुळणीवरच लिलाव पुकारला जातो. पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी यांच्या टोपल्या तिथल्या तिथे उचलल्या जातात आणि बर्फात बसून मुंबईचा आणि घाटावरचा रस्ता धरतात. घरगुती गिऱ्हाइकाला या लिलावात स्वतः बोली लावण्याचं कारण नाही. लिलावातून टोपली घेतलेली बाई चार पावलांवर बसून तिचे वाटे लावते, तिच्याकडून घ्यावं. लिलावाचा भाव कानावर पडलेला असला की घासाघीस आपोआप रास्त राहते.

दुसरा बाजार खाडीचा. इथे भोई समाजाची माणसं छोट्या होडीने जाळं टाकतात, काठाच्या वाड्यांतल्या बायका शिंपल्या वेचतात, पोरं चिंबोऱ्या धरतात. बोय, शेंगटी, खेकडे, खाडीतली बारीक कोळंबी हा त्यांचा माल. तो लिलावाइतका होत नाही आणि बर्फाचा खर्च त्याला परवडत नाही. म्हणून तो पायी चालेल तेवढ्याच अंतरात विकला जातो. वजनकाटा नसतोच, वाटा असतो. पाटीतल्या ढिगाकडे बघून भाव ठरतो आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला वर मूठभर पडते. नवख्याने पहिल्या दिवशी घासाघीस न करता घ्यावं. पुढच्या खेपेला बाई आपणहून सांगते, आज शिंपल्यांत वाळू फार आहे, घेऊ नका. हा सल्ला कुठल्याही लेबलावर छापून येत नाही.

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचे हे दिवस, शिवाय समुद्र खवळलेला. त्या काळात हॉटेलात मिळणारी सुरमई बर्फातली किंवा लांबून आलेली असते, हे गिऱ्हाइकाने समजून असावं. गावचं घर तेव्हा दोन गोष्टींवर चालतं. एक म्हणजे पहिल्या पावसात गोड्या पाण्याच्या ओढीने शेतात-वहाळात चढणारे मासे. दुसरी गोष्ट सुक्याची. सोडे, जवळा, सुके बोंबील, खारवलेला बांगडा ही खरेदी एप्रिल-मे मध्येच, ऊन कडक असताना करायची. सोडे घेताना एक मोडून बघावा. चांगला वाळलेला असेल तर कडकन तुटतो, वाकला तर आत ओल आहे आणि श्रावणाआधी त्याला वास येणार. जवळ्यात वाळू आहे का, ते तळहातावर चोळून कळतं.

जमिनीकडे वळलं की पहिलं नाव हापूसचंच येतं, आणि इथेच दाभोळच्या बाजाराची खरी गंमत आहे. ज्या गावाच्या डोंगरउतारावर आंब्याच्या बागा आहेत, त्या गावात फेब्रुवारी-मार्चचा आंबा विकत मिळत नाही. पहिली तोड झाली की फळं प्रतवार होतात, पेट्या भरतात आणि वाशीच्या बाजार समितीकडे रवाना होतात. पुष्कळदा बागच मोहोरावर असताना कराराने दिलेली असते. झाड दारात, पण त्याच्या फळावर घरच्याचा हक्क नसतो. मग मे महिना चढतो, मुंबईचा भाव उतरतो, पेटीचं भाडंही सुटेनासं होतं आणि तोच आंबा गावात स्वस्त होतो. स्थानिक गिऱ्हाइकाचा हंगाम तो. मेच्या पहिल्या पंधरवड्यापासून पहिल्या जोरदार पावसापर्यंत. पावसानंतर फळमाशी लागते, तेव्हा लोभ आवरावा.

२०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२० च्या टाळेबंदीत बागायतदारांनी थेट शहरांतल्या सोसायट्यांच्या दारात पेट्या उतरवल्या. थेट विक्रीची वाट अशी रुंदावत गेली. बागेतून आंबा घेताना तीन प्रश्न विचारावेत. देठासकट काढलाय का? दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘नूतन’ झेल्याने फळ देठासह उतरतं, त्यामुळे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. अढी कशात घातली? पेंढ्यातली अढी आठ-दहा दिवस घेते, फळ हळूहळू रंग धरतं आणि वास आधी देठाशी येतो. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. सगळी पेटी एका रात्रीत एकसारखी पिवळीधमक झाली असेल तर शंका घ्यावी. आणि तिसरा प्रश्न, साका निघाला, म्हणजे आतला गर बिघडलेला निघाला, तर बदलून देणार का? हापूसला हा दोष असतोच, बाहेरून तो दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात साका नाही, फळ मोठं, गर भरपूर. तरी पेटीच्या बाजारात हापूसच्या नावापुढे ती फिकी पडते. म्हणूनच ती घरी खायला बागेत स्वस्तात मिळण्याचा संभव जास्त.

पेटीत न जाणाऱ्या फळांचा संसार याहून मोठा आहे. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, घ्या. एप्रिल-मे मध्ये तो तयार होतो आणि एका वळवाच्या सरीत कुजू लागतो, त्यामुळे ताजा लांब जाऊच शकत नाही. घरोघरी बायका साल वेगळी काढतात, मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. जितकी पुटं जास्त तितकं सोलं काळं, मऊ आणि आंबट. एक-दोन पुटांत उरकलेलं सोलं तांबूस आणि चामट राहतं, आमटीत दुप्पट टाकावं लागतं, म्हणजे स्वस्त घेऊन महाग पडतं. मिठाचा रस म्हणजे आगळ. त्यात साखर नसते. सरबताची बाटली वेगळी, आगळाची वेगळी, आणि सोलकढी हवी असेल तर दुसरीच मागावी. बियाही फुकट जात नाहीत. त्यांचं थिजणारं तेल, मुठेल, थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ या निवडक जाती दिल्या असल्या तरी बाजारातला बराचसा माल अजून परसातल्या, कुंपणावरच्या जुन्या झाडांचा आहे.

फणसाचंही तसंच. कापा पिकला की हाताने गरे सोडवून खायचे आणि कच्चा असताना तळायचे. बरका लिबलिबीत, तो सांदणांना आणि फणसपोळीला. अख्खा फणस एका कुटुंबाला झेपत नाही, त्यामुळे तो गावात विकला कमी आणि वाटला जास्त जातो. ओले काजूगर मार्चमध्ये शेकड्यावर मिळतात. भाव ऐकून शहरातला माणूस दचकतो. कोवळी बी चिरताना निघणारा चीक बोटांची सालं काढतो. राख लावून, बोटं भाजून घेत शंभर गर काढायला किती वेळ लागतो, हे बघितलेला माणूस मग भाव करत नाही.

पाऊस सुरू झाला की फळवाल्या बायकांच्या जागेवर रानभाज्या येतात. टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, मग करटुली. शेवळं आली तर सोबत काकडं मागून घ्यावी, नाहीतर घसा खवखवतो. हे ज्ञान विकणारीकडे असतं आणि भाजीबरोबर फुकट मिळतं. भात कापून झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा, कडवे वाल होतात. त्यांना पाणी द्यावं लागत नाही, खतही फारसं लागत नाही. हा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येतो आणि घरापुरता ठेवून उरलेला मापाने विकला जातो. वरकस जमिनीवरची नाचणी, लाल तांदूळ यांचंही तेच. त्यांना फलक नाही. किराणावाल्याकडे ‘गावठी कुळीथ आहे का’ विचारलं तर तो आपल्याच दुकानातल्या मालाकडे हात न करता एखाद्या वाडीचं नाव सांगतो. तिकडे जावं.

या सगळ्या साखळीचा सर्वांत नाजूक दुवा म्हणजे खाडीचं पाणी. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचं सांडपाणी याच खाडीला मिळतं. मासे मरून तरंगल्याच्या बातम्या इथे वर्षानुवर्षं येत राहिल्या आहेत आणि भोई मच्छीमारांनी त्याविरुद्ध लढेही दिले आहेत. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही वाशिष्ठीतूनच येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही नदीत गोडं पाणी उतरत राहतं. खारं आणि गोडं यांचा जो मेळ शिंपल्यांना हवा, तो असा माणसाच्या हातात गेला आहे. खोल समुद्रातल्या होडीवाल्याला खाडी बिघडली तर नांगर उचलून दुसरीकडे जाता येतं. ओहोटीला पायी उतरणाऱ्या बाईला ते शक्य नाही.

स्थानिक खाणं म्हटलं की शहरात हापूसची पेटी डोळ्यांपुढे येते. पण हापूसला आणि सुरमईला गिऱ्हाइकांची वाण नाही. दाभोळकरांनी एक आंबा विकत घेतला नाही तरी वाशीला आणि आखाताला तो हवाच आहे. तिसऱ्या, बोय, कुळीथ, टाकळा, सात पुटांचं सोलं, बरक्याची पोळी यांचं तसं नाही. त्यांचं गिऱ्हाईक दहा-पंधरा मैलांच्या आतच आहे. ते गेलं तर कुळथाची पेर थांबते, कुंपणावरचा रातांबा जळणाला तुटतो, आणि शिंपल्या वेचणारी पुढची पिढी उतरतच नाही. मग खाडी घाण झाली तरी ओरडायला कोणी काठावर उरत नाही. कुठल्याही खाडीची खरी राखण तिच्यातून रोजची आमटी काढणारी माणसंच करतात.

म्हणून दाभोळला राहणाऱ्याने किंवा तिथे चार दिवसांसाठी येणाऱ्याने पिशवी भरताना क्रम उलटा लावावा. आधी दारावरच्या पाटीतलं घ्यावं, मग वाडीतलं कडधान्य, मग सोलं आणि सुकं, आणि पैसे उरले तर आंबा. पेटी कुठूनही मागवता येते. ओहोटीची वेळ मात्र तिथेच विचारावी लागते.