झोपेतला 'लकवा'

पोळ्याचा दुसरा दिवस आमच्या भागातील डॉक्टरांना स्वस्थ बसू देत नाही. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मध्ये गोटमार! टाके घालण्याची तयारी सकाळपासूनच करून ठेवावी लागते. अशाच एका वर्षी, गोटमार सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, सकाळी सात वाजता तिशीतल्या एका शेतकऱ्याला त्याची आई आणि काका माझ्याकडे घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, पोराले लकवा मारला जी!" एवढे बोलून त्या माउलीला रडू कोसळले. मुलाचा उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता. नागपूरला जाण्यासाठी गाडी ठरली होती आणि खर्चाच्या तजविजीसाठी संत्र्याची बाग पडत्या भावात देण्याची बोलणीही सुरू झाली होती.

हात लुळा पडला होता हे खरे. परंतु दोष मेंदूत नव्हता, दंडात होता.

मनगट आणि बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंना आज्ञा पोहोचविणारा रेडियल मज्जातंतू काखेतून निघून दंडाच्या हाडाला मागच्या बाजूने नागमोडी वळसा घालतो. या वळशात तो हाडाला अगदी लगटून असतो. तेथे बाजेची कड, खुर्चीची पाठ अथवा स्वतःच्याच देहाचा भार काही तास पडला, की मज्जातंतूवरील मायेलिनचे आवरण दबते आणि संदेश त्या जागी अडतो. एरवी हाताला मुंग्या आल्या की आपण झोपेतच कूस बदलतो. मद्य, झोपेच्या गोळ्या किंवा पराकाष्ठेचा थकवा ही सूचनाच बधिर करतात. पाश्चात्त्य देशांत आठवड्याचा पगार हाती पडलेल्या शनिवारच्या रात्रीवरून या विकाराला 'सॅटर्डे नाइट पाल्सी' हे नाव पडले. आमच्याकडे शनिवारचे महत्त्व ते काय? पोळ्याची रात्र, लग्नाची पंगत किंवा रात्रीच्या विजेवर ओलित करून पंपाशेजारी लागलेला डोळा, असे प्रसंग आमच्याकडे. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो: हा केवळ मद्यपींचा रोग नव्हे. सहचराचे डोके रात्रभर दंडावर राहिल्यानेही हात असाच गळतो. म्हणून "किती घेतली होती?" हा प्रश्न दहा नातेवाइकांसमोर विचारू नये; लाजेपोटी रुग्ण खरी हकीकत दडवितो आणि निदान भरकटते.

आपल्या बोलीत रक्तवाहिनीही 'नस', स्नायुबंधही 'नस' आणि मज्जातंतूही 'नसच'. त्यामुळे 'नस दबली' म्हटले, की रक्त अडले असे समजून घरोघरी तेल लावून जोरजोराने रगडण्याचा कार्यक्रम सुरू होतो. त्याचा उपयोग शून्य.

व्यवसायबंधूंनी येथे यंत्राकडे नव्हे, रुग्णाच्या हाताकडे पाहावे. मनगट गळालेले असताना मूठ दुबळी भासते, बोटेही नीट फाकत नाहीत आणि सारा हातच गेला असे वाटते. तळवा टेबलावर सपाट टेकवून मग बोटे फाकवायला सांगावीत. रेडियल विकारात ती उत्तम फाकतात. कोपर अर्धवट वाकवून, अंगठा वर ठेवून, विरोधाविरुद्ध हात आणखी वाकवायला सांगितला असता ब्रॅकिओरेडिआलिसचा उंचवटा उठत नाही. ट्रायसेप्सच्या शाखा मात्र वळशाच्या वरच फुटत असल्याने कोपर सरळ करण्याची ताकद बहुधा शाबूत असते. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, हाताच्या पाठीमागच्या बाजूस, बधिरता आढळते. मेंदूच्या आघातात घट्ट मूठ वळताना मनगट आपसूक वर उचलले जाते. येथे ते अधिकच खाली जाते. चेहरा, वाचा आणि पाय निर्दोष असतात. आमच्या गावापुरता आणखी एक प्रश्न: गोटा लागला होता काय? दंडाचे हाड मधोमध मोडलेल्या सुमारे दहा रुग्णांपैकी एकाला याच मज्जातंतूची इजा होते, तेव्हा दंड चाचपून पाहावा आणि शंका आल्यास क्ष-किरण चित्र काढावे.

सेडन यांनी 1943 साली मज्जातंतूंच्या इजांचे तीन प्रकार मांडले. त्यांतील सर्वांत सौम्य तो न्यूरोप्रॅक्सिया. तंतू तुटलेला नसतो, म्हणून हात बहुधा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत सुधारतो. आतील तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. तेथे धीर धरावा लागतो. मनगटाला आधार देणारी पट्टी आणि सांधे आखडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने करावयाचा व्यायाम, एवढाच काय तो उपचार. जीवनसत्त्वांची कमतरता नसेल तर त्यांच्या सुया व्यर्थ. आणि त्याच दंडात चुकीच्या जागी टोचलेली सुई या मज्जातंतूला स्वतंत्र इजा करू शकते! मज्जातंतूच्या वहनाची तपासणी तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अधिक बोलकी ठरते. तीन महिन्यांत काहीच हालचाल न परतल्यास, वेदना तीव्र असल्यास किंवा दुर्बलता वाढत गेल्यास रुग्णास तज्ज्ञांकडे धाडावे. असा प्रकार वारंवार किंवा कुटुंबात अनेकांना होत असेल तर आनुवंशिक दोषाचा विचार करावा. मधुमेहही तपासावा.

त्या मुलाची गाडी परत पाठविली. बाग वाचली. पाचव्या आठवड्यात मनगट हलू लागले, बोटे आणि अंगठा सर्वांत शेवटी आले.

याच्या अगदी उलट अनुभवही पदरी आहे. साठीच्या एका बाईंचा हात सकाळी जड झाला. "अंगाखाली आला असेल, होईल मोकळा," म्हणून घरच्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. माझ्यासमोर त्या आल्या तेव्हा ओठाचा कोपरा किंचित उतरलेला होता आणि शब्द अडखळत होते. तो मेंदूचाच आघात होता. गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावयाचे असते, आणि ती घटका रुग्ण धडधाकट असल्याचे शेवटचे कोणी पाहिले तेथून मोजली जाते. मी नातेवाइकांना तेच विचारले. सुनेने सांगितले, "रात्री नऊ वाजता जेवून निजल्या, तेव्हा ठीक होत्या." झोपेतून उठताना आढळलेल्या आघातातही विशेष तपासणीनंतर निवडक रुग्णांना आता उपचार देता येतात; पण त्याकरिता मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचावे लागते, आणि सकाळचे सहा तास घरीच गेले होते.