व्हिसाच्या फायलीतलं नातं

मुलगा अमेरिकेचा नागरिक, मुलगी पुण्यात. लग्न ठरलंय, पण दोघांमध्ये समुद्र आहे. अशा जोडप्याला आपली गोष्ट नातेवाइकांना सांगून भागत नाही, ती सरकारलाही पटवून द्यावी लागते.

के-१ व्हिसा

अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त वधूला किंवा वराला हा व्हिसा मिळतो, ग्रीन कार्डधारकाच्या नाही. अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत दोघं निदान एकदा प्रत्यक्ष भेटलेली असायला हवीत. मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत होते. अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न करावं लागतं.

संशय कशाचा?

केवळ कागदांसाठी होणारी लग्नं रोखायला अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा कडक केला. तेव्हापासून नव्या लग्नावर मिळणारं ग्रीन कार्ड आधी दोन वर्षांचं, सशर्त असतं. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, आणि संसार खरा असल्याचं दाखवायचं: घराचा भाडेकरार, बँकेतलं सामाईक खातं वगैरे.

ठरवून केलेलं लग्न कसं सांगावं

आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. मुलाखतीतले नेहमीचे प्रश्न म्हणजे भेट कशी झाली, लग्नाचं कोणी विचारलं, कधी. स्थळ मावशीनं सुचवलं, पत्रिका जुळली, पोह्यांच्या कार्यक्रमानंतर दोघं तासभर बोलली आणि महिन्याभरात बैठक झाली, ही गोष्ट त्या साच्यात बसत नाही. मग काही जोडपी तिला फिल्मी वळण देतात. माझ्या मते हे साफ चुकीचं आहे. एकानं गोव्यातली भेट सांगितली आणि दुसऱ्यानं मावशीचं नाव घेतलं, तर खरं नातंही खोटं वाटतं. मावशीनं सुचवलं असेल तर तेच सांगावं.

साखरपुड्याच्या फोटोंकडे नीट लक्ष द्यावं. गळ्यात हार, शालू, समोर भटजी, मागे फुलांची सजावट, हे पाहून लग्न आधीच लागलंय असा समज होऊ शकतो. लग्न झालेलं असेल तर के-१ मिळत नाही, पती-पत्नीचा वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून फोटोमागे लिहावं: साखरेचा पुडा दिला, ओटी भरली, अंगठ्या घातल्या. मंगळसूत्र आणि सप्तपदी झालेली नाही.

रोजचं बोलणं

पुण्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठ. कामावर निघण्याआधीच्या या अर्ध्या तासात डब्याच्या भाजीपासून पगारापर्यंत सगळं बोलून होतं. भांडणंही त्यातच. फायलीत मात्र फक्त कॉलची यादी जाते.

तिची स्वतःची ओळख

नात्यागोत्यात ती बघता बघता 'अमेरिकेतल्या मुलाची होणारी बायको' होते. आठ वर्षं केलेलं लेखापरीक्षणाचं काम कोणी विचारत नाही. तिकडे गेल्यावर कामाचा परवाना हाती येईपर्यंत नोकरीही करता येत नाही. हे महिने जड जातात, आणि साखरपुड्याआधी त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बैठकीत मानपानावर तासभर चर्चा होते. तिथेच तिनं विचारावं, आणि त्यानं उत्तर द्यावं: परवाना येईपर्यंत तिच्या हातात स्वतःचे पैसे कुठून येणार, आणि तिच्या पदवीला तिकडे काम मिळायला कोणती परीक्षा द्यावी लागेल?