चाललो म्हणून जास्त खावं का?



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आता एक नवा विषय निघतो. तो म्हणजे वजन. कुणाला डॉक्टरांनी साखर सांगितली आहे, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला लेकीनं मोबाइलमध्ये पावलं मोजायचं शिकवलंय. बऱ्याच गावांत बायका पहाटे डांबरीवर चालायला निघतात. आणि मग आम्हाला विचारतात, "ताई, चालून जेवढं जळलं तेवढं परत खाल्लं तर चालतं का? की तसंच राहायचं?"

उत्तर आधी सांगतो आणि कारणं मागून. वजन कमी करायचं असेल, तर अर्ध्या-पाऊण तासाच्या चालण्यासाठी वेगळं काही खायची गरज नाही. पण जी बाई दिवसभर खुरपणी करते, कांदे काढते, ऊस तोडते, तिनं त्या कष्टाचं खाल्लंच पाहिजे. दोघींना एकच सल्ला दिला, तर एकीचं वजन उतरणार नाही आणि दुसरी आजारी पडेल.

आपण गटाच्या बाया आहोत, जमा-खर्च आपल्याला समजतो. शरीराचंही तसंच आहे. अन्नातून येते ती जमा. श्वास, हृदय, शरीराची ऊब, कामधंदा यांत जातो तो खर्च. दोन्ही कॅलरीत मोजतात. जमा जास्त झाली की शिल्लक चरबी म्हणून साठते. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात.

आता चालण्याचा खर्च बघू. साठ किलो वजनाची बाई अर्धा तास भरभर चालली, तर तिच्या सुमारे १०५ कॅलरी खर्च होतात. पण त्यातल्या तीसेक ती घरात नुसती बसली असती तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई ७५. महिनाभर रोज चाललं तर सव्वादोन हजार. ७७०० नं भागा, पाव किलोपेक्षा थोडं जास्त येतं.

आणि आता जमेची बाजू. दोन चमचे साखर आणि दुधाचा अर्धा कप चहा म्हणजे ७० ते ८० कॅलरी. सोबत दोन ग्लुकोज बिस्किटं म्हणजे आणखी ५०. चालून आल्यावर मैत्रिणीच्या ओट्यावर बसून तेवढं घेतलं की चालण्याची कमाई गेली, वर थोडं कर्ज झालं. शेंगदाण्याचा एक लाडू दीडशेच्या आसपास. एक वडापाव अडीचशेच्या पुढे. चालायला अर्धा तास लागतो, खायला दोन मिनिटं लागतात. म्हणून "चालतो तरी वजन उतरत नाही" असं कुणी म्हणालं, की आम्ही आधी चालून आल्यावरचा चहा विचारतो.

जुन्या बायांनी हे फार आधी ओळखलं होतं. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण काय उगाच आली? नवरात्रात आपल्याकडे पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीला किती बाया पायी जातात. चालणंही होतं, उपवासही होतो. पण साबुदाण्याची एक भरलेली प्लेट घ्या. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, बटाटा, तूप मिळून चारशे कॅलरी सहज होतात. साठ किलोच्या बाईला त्या फेडायला तेरा-चौदा किलोमीटर चालावं लागतं. श्रद्धेनं करायचं ते जरूर करावं, पण त्यानं वजन उतरेल असं धरू नये.

मोबाइल आणि मनगटावरच्या पट्ट्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पावलं त्या बऱ्यापैकी मोजतात. कॅलरी मात्र अंदाजानं सांगतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१७ साली मनगटावर बांधायची सात यंत्रं तपासली. त्यातलं सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा कॅलरीच्या बाबतीत सरासरी २७ टक्के चुकत होतं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. शिवाय बसल्या जागी खर्च होणाऱ्या कॅलरीही बरीच यंत्रं त्याच आकड्यात धरतात. यंत्र ३०० म्हणालं म्हणून आपण ३०० चं खाल्लं, तर तो हिशेब तोट्यातच जाणार.

दुसरी चूक दुबार मोजणीची. कोणी तक्ता करून देतं, "तू रोज चालतेस, कामही करतेस, तुला दिवसाला इतकं लागेल." त्या आकड्यात चालणं आधीच धरलेलं असतं. मग चालून आल्यावर पुन्हा वेगळं खाल्लं, म्हणजे एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलले. गटात असं कुणी केलं तर आपण चालवून घेऊ का?

शरीरही आपल्या परीनं हिशेब जुळवत असतं. पहाटे व्यायाम झाला की आपण दुपारी नकळत जास्त वेळ आडव्या होतो, उठबस कमी करतो. टांझानियात हाडझा नावाचे लोक आहेत, रोज रानात भटकून कंद आणि शिकार मिळवतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की शरीराचं आकारमान लक्षात घेतलं, तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरी अमेरिकन माणसापेक्षा फारसा जास्त नव्हता. याचा अर्थ चालणं वाया जातं असा नाही. चालण्यानं साखर आटोक्यात राहते, रक्तदाब सुधारतो, सांधे मोकळे होतात, झोप लागते. पण वजन उतरवण्याचं बरंचसं काम ताटातच होतं.

इथपर्यंत ऐकून काही जणी म्हणतील, मग उद्यापासून एकच वेळ जेवते. थांबा, मैत्रिणींनो. आता त्या दुसऱ्या बाईकडे वळू.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीय माणसाला किती आहार लागतो ते ठरवून देते. २०२० च्या तक्त्यात ५५ किलो वजनाच्या बाईला बैठं काम असेल तर दिवसाला १६६० कॅलरी, मध्यम कष्टाचं काम असेल तर २१३० आणि जड कष्टाचं असेल तर २७२० सांगितल्या आहेत. शेतमजुरी साधारण मध्यम कष्टात धरतात. म्हणजे शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईपेक्षा खुरपणाऱ्या बाईला ४७० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन भाकरी आणि वाटीभर आमटी. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ज्या बहिणी कोयता घेऊन कारखान्यावर जातात, पहाटे उठून ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावर वाहतात, त्यांचं काम तर आणखी जड. तिथं "परत खाऊ का" हा प्रश्नच येत नाही. जे खर्च झालं ते पोटात जायलाच हवं, नाहीतर शरीर स्वतःचे स्नायू मोडून भागवतं.

आपल्या राज्याचे आकडेही दोन बाजूंचे आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या आहेत आणि सुमारे २१ टक्के कमी वजनाच्या. रक्त कमी असलेल्या तर ५४ टक्के. म्हणजे एकाच गटाच्या सतरंजीवर दोन्ही बसलेल्या असतात. एकीनं वजन कमी करायचं ठरवलं म्हणून शेजारचीनंही भाकरी सोडली, असं व्हायला नको. त्यात आपल्याकडे घरधनीण शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, उरलेल्या रश्श्यात ती भाकरी कुस्करते. तिला "कमी खा" सांगायच्या आधी "वेळेवर आणि सगळ्यांबरोबर जेव" असं सांगायला पाहिजे.

मग आपण कोणत्या बाजूला आहोत हे कसं ओळखायचं? शिवणकामाचा टेप आणि वजनकाटा पुरे. भारतीय बायांसाठी बेंबीजवळ कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा. उंची १५० सेंटिमीटर असेल तर वजन साधारण ४२ ते ५२ किलो चांगलं, १५५ असेल तर ४४ ते ५५. त्याच्या वर असाल तर कमी करण्याचा विचार करा. आत असाल तर कमी करू नका. खाली असाल तर वाढवा. उपकेंद्रात वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, आशाताईंना सोबत घ्या. गावातल्या बायांनी आपलं आरोग्य आपण मोजायचं, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. तिथं फारशी शाळा न शिकलेल्या बायाच गावच्या आरोग्यसेविका झाल्या.

कष्ट सगळे महिने सारखे नसतात, हेही लक्षात ठेवा. कांदा लागवड, काढणी, खुरपणी या दिवसांत भूक वाढते आणि वाढावी. पण काम सरलं, उन्हाळ्यात हात मोकळे झाले, तरी ताटात तीन भाकरी तशाच राहतात. आम्हाला दिसतं, की वजन याच मोकळ्या महिन्यांत चढतं. म्हणून ताट मोसमाप्रमाणे बदला. कामाच्या दिवशी पूर्ण भाकरी, घरी असलेल्या दिवशी अर्धी कमी.

मधल्या दिवसांसाठी सोपा नियम सांगतो. रोजचं तासाभराच्या आतलं चालणं किंवा योगासनं असतील, तर वेगळं काही खाऊ नका. एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा फार जास्त कष्ट झाले, उदाहरणार्थ कळसूबाई चढून आलात किंवा निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर दिवसभर चाललात, तर अंदाजे जेवढं जास्त खर्च झालं त्याच्या निम्मं परत खा. निम्मंच का? कारण अंदाज बहुतेक वेळा जास्तच होतो. पण वारीसारखं सलग बरेच दिवस चालणं असेल, तर निम्म्याचा नियम सोडा आणि भुकेप्रमाणे जेवा. वजनाचं वारीहून परत आल्यावर बघू.

आणि परत खायचं ते काय? बिस्किट, फरसाण नको. मोड आलेली मटकी, हुलग्याचे शेंगोळे, एक उकडलेलं अंडं, वाटीभर घट्ट वरण, ताक, मूठभर फुटाणे. यांतून प्रथिनं मिळतात आणि पोट भरलेलं राहतं. ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत बावीस-तेवीस. दारातली भाजी मात्र मोजायची गरज नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखी परसबाग नाही जमली, तरी दोन वाफे मेथी-शेपू आणि कुंपणाला घेवड्याचा वेल सगळ्यांना जमतो.

कमी करायचं ते इथून करा. चहातली साखर एक-एक चमचा कमी केली आणि दिवसातून तीन चहा होत असतील, तर ६० कॅलरी वाचतात. फोडणीचं तेल माणशी एक चमचा कमी, तर ४५. घरी असलेल्या दिवशी अर्धी भाकरी कमी, तर १००. चालण्याच्या ७५ यात मिळवा. हे सगळं मिळून दिवसाला २८० होतं आणि महिन्याला एक किलोच्या आसपास उतरतं. हे पुरेसं आहे. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घाई कुणीही करू नये.

काही जणींनी मात्र हा प्रयोग स्वतःच्या मनानं करायचाच नाही. पोटुशी असाल तर दिवसाला ३५० कॅलरी जास्त लागतात. अंगावर पाजत असाल तर पहिले सहा महिने ६०० जास्त लागतात. हे वजन कमी करायचे दिवस नव्हेत. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी आणि चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. चालताना घाम सुटून हातपाय थरथरले, तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका. त्या वेळी कॅलरी मोजत बसू नका. ज्यांना चक्कर येते, पाळी चुकते, धाप लागते, त्यांनी वजनकाटा बाजूला ठेवून आधी रक्त तपासावं.

पुढच्या बैठकीला एवढं करून बघा. गटाच्या वहीत मागचं एक पान घ्या. प्रत्येकीचं वजन, उंची, कमरेचा घेर आणि हिमोग्लोबिन लिहा. ज्यांनी कमी करायचं त्यांची एक यादी, ज्यांनी वाढवायचं त्यांची दुसरी. महिन्यातून एकदाच वजन करा, त्याच काट्यावर, सकाळी. कुणाचं उतरलं नाही म्हणून हसू नका. आणि दुसऱ्या यादीतली मैत्रीण बैठकीला उपाशी आली असेल, तर सह्या नंतर करा, आधी तिला खायला द्या.