चार तासांचं काम तीन मिनिटांत : कायझेन आणि आपली लॅब

नेटचा अभ्यास करताना आपण सिलॅबसचा विचार करतो, लॅबमधल्या वेळेचा करत नाही. पण हिशोब करून बघा. सीएसआयआर-यूजीसीची फेलोशिप जास्तीत जास्त ५ वर्षं मिळते, २ वर्षं जेआरएफ आणि पुढे ३ वर्षं एसआरएफ. हा वेळ प्रयोगात जाईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा तयारीत, शोधाशोधीत आणि वाट बघण्यात जातो. तो कसा वाचवायचा, हे कारखान्यांकडून शिकण्यासारखं आहे.

‘कायझेन’ हा जपानी शब्द. काय म्हणजे बदल आणि झेन म्हणजे चांगला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांत, विशेषतः टोयोटात, ही पद्धत रुजली. मासाआकी इमाई यांच्या १९८६ सालच्या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. थोडक्यात काय, तर जो माणूस ते काम रोज करतो, त्यानेच त्यात छोटे छोटे बदल करत राहायचं.

आता एक उदाहरण घेऊ. १९६९ च्या सुमारास टोयोटाच्या कारखान्यात १००० टनी प्रेसची डाय बदलायला ४ तास लागत. तेवढा वेळ प्रेस बंद. शिगेओ शिंगो या इंजिनिअरने तिथल्या लोकांबरोबर काम करून हा वेळ आधी दीड तासावर आणि नंतर ३ मिनिटांवर आणला.

हे जमलं कसं? त्यांनी कामाचे दोन भाग केले. एक, मशीन बंद असतानाच करता येणारं काम. दुसरा, मशीन चालू असतानाही उरकता येणारं काम. दुसऱ्या भागातलं सगळं आधीच करून ठेवायचं. मग पहिल्या भागातलं जेवढं शक्य आहे तेवढं दुसऱ्यात ढकलायचं. जे उरेल ते सोपं करायचं. शिंगो यांचं एक निरीक्षण फार मार्मिक आहे. बोल्टला पंधरा आटे असले तरी तो घट्ट होतो शेवटच्या फेऱ्यात. मग आधीच्या चौदा फेऱ्या कशासाठी?

हेच लॅबमध्ये लावून बघा. समजा एचपीएलसी मशीन सगळ्या डिपार्टमेंटमध्ये एकच आहे आणि तुम्हाला ३ तासांचा स्लॉट मिळालाय. मोबाईल फेज बनवणं, सँपल फिल्टर करणं, व्हायलवर लेबल लावणं, ही सगळी कामं आदल्या दिवशी होऊ शकतात. कॉलम इक्विलिब्रेट करायला मात्र मशीनच लागतं. ही यादी एकदा कागदावर लिहा. स्लॉटमधला किती वेळ बाहेरच्या कामात जातो, ते लगेच दिसेल.

पण एक अट आहे, आणि ती बऱ्याचदा विसरली जाते. सध्या काम कसं होतं, हे लिहिलेलं नसेल तर सुधारणा झाली की नाही हे कळणारच नाही. टोयोटा पद्धतीचे एक शिल्पकार ताइची ओनो यांचा यावर फार भर होता. आधी ठरलेली पद्धत, मग बदल, मग मोजणी, आणि फायदा झाला तर तीच नवी पद्धत. ओळखीचं वाटतंय ना? हा कंट्रोल आणि टेस्टचाच प्रकार आहे. म्हणून प्रोटोकॉलमध्ये केलेला बारीकसा बदलही तारीख घालून लॅब नोटबुकात लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी रिझल्ट का बदलला, याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

आता मर्यादा. ‘रोज १ टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. गणित म्हणून १.०१ चा ३६५ वा घात साधारण ३७.८ येतो, ते बरोबर आहे. पण रिॲक्शनचं यील्ड १०० टक्क्यांच्या पुढे जात नाही. सुरुवातीचे बदल भरपूर देतात, नंतरचे कमी कमी. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलत राहिलात, तर तापमान आणि पीएच एकमेकांवर काय परिणाम करतात ते सुटून जातं. तिथे डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स शिकावंच लागतं. आणि हायपोथेसिसच चुकीची असेल, तर कितीही नीटनेटकी लॅब तिला वाचवू शकत नाही. अशा वेळी प्रश्नच बदलावा लागतो.

शेवटचं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. टोयोटात लाइनवरचा कामगार दोरी ओढून अडचण कळवू शकतो, गरज पडली तर लाइन थांबते. आपल्याकडे नवीन ज्युनिअर ‘सर, हे बफर गढूळ दिसतंय’ म्हणायलाही कचरतो. उद्या तुम्ही सीनिअर व्हाल. तेव्हा ते वाक्य ऐकून घ्या, एवढा एक बदल केलात तरी पुरे.

सध्या एमएस्सीच्या प्रोजेक्टवर असाल, तर या आठवड्यात एकच काम निवडा, त्याच्या पायऱ्या वेळेसकट लिहा आणि त्यातली एकच बदलून बघा. काय फरक पडला ते कमेंटमध्ये नक्की सांगा.